चोपण रान सुधारायला एकरी किती लागतात?

कृष्णाकाठच्या शिरोळ, मिरज, पलूस, वाळवा या पट्ट्यात खराब रानाचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: एकरी किती पोती जिप्सम टाकू? विचारणाऱ्याने माती तपासलेली नसते आणि सांगणाऱ्यानेही ती पाहिलेली नसते. तरी उत्तर लगेच मिळते, दहा पोती, नाहीतर वीस. गाडी येते, पोती बांधावर उतरतात, घरची माणसे मिळून ती रानात विस्कटतात. दोन पावसाळे जातात आणि उसाची तुटाळ होती तिथेच राहते. मग जिप्सम बदनाम होते.

आमच्या घरच्या तीस गुंठ्यांत नेमके हेच झाले. वडिलांनी लागोपाठ दोन वर्षे जिप्सम टाकले. तिसऱ्या वर्षी कुणीतरी सुचवले म्हणून रानाच्या खालच्या कोपऱ्यात खड्डा काढला, तर कमरेइतक्या खोलीवरच पाणी लागले. खालचा ओढा गाळाने भरलेला होता. टाकलेल्या जिप्समने सोडियम सोडवला असेलही, पण त्याला रानाबाहेर जायला वाटच नव्हती. त्या दोन वर्षांचे पैसे आठवले की आजही वाईट वाटते. खर्चाची रक्कम चुकली नव्हती, क्रम चुकला होता. पहिला रुपया तपासणीला, दुसरा पाणी बाहेर काढायला आणि तिसरा जिप्समला, असा क्रम लागतो. या लेखातला हिशेब त्याच क्रमाने मांडला आहे.

पुढे येणारे किलो, मीटर आणि मिलिमीटर मातीच्या गणितातून आले आहेत, ते गावागणिक बदलत नाहीत. रुपये मात्र हिशेब दिसावा म्हणून धरलेले आहेत. तिथे आपल्या गावचा आजचा दर घालावा.

माती बिघडते कशाने

आपली काळी माती साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसातून थंड झालेल्या बेसाल्ट दगडाची. त्या दगडातल्या खनिजांतून कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि सोडियम सुटत राहतात. माती बनते ती अतिबारीक चिकणमातीची. तिचे कण म्हणजे पातळ पत्र्यांच्या चळती. दोन पत्र्यांमध्ये कॅल्शियम असला की चळत घट्ट राहते, कण एकमेकांना धरून दाणेदार रवा बनतो आणि त्याच्या फटींतून पाणी व हवा फिरते. कॅल्शियमच्या जागी सोडियम बसला की पत्रे पाणी पिऊन एकमेकांपासून सुटतात. ओली असताना अशी माती लगदा होते, फटी बुजतात, आणि वाळली की तिचे दगडासारखे ढेकूळ होते. वापसा येतच नाही. आज पाय रुततो आणि चार दिवसांनी फाळ आत जात नाही. हीच चोपण जमीन.

या मातीत कॅल्शियम कमी नसतो. खड्ड्यात चुनखडीचे पांढरे खडे मुठीमुठीने निघतात. पण चुनखडीतला कॅल्शियम सामू वाढलेल्या मातीत विरघळत नाही, तो खड्यातच अडकून राहतो. कोरड्या हवेत कॅल्शियम चुनखडी होऊन बाजूला बसत जातो आणि मातीच्या पाण्यात सोडियमचा वाटा वाढत जातो. विदर्भात पूर्णा नदीच्या खोऱ्यातला, म्हणजे अमरावती, अकोला, बुलडाण्यातला खारपाणपट्टा मुळात असा निसर्गानेच घडवलेला आहे. कृष्णाकाठी त्यात आपल्या हातांनी भर पडली. बारमाही ऊस, रात्रभर सोडलेले पाणी, उपसा योजना आणि बुजलेले ओढे यांनी भूजल वर आणले. ते केशाकर्षणाने पृष्ठभागी येते, पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात. हे दुखणे नवे नाही. मुंबई इलाख्याने सिंचनाच्या प्रश्नांसाठी 1916 साली एक खास पथक नेमले आणि त्यातूनच पुढे खडकवासल्याची केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था उभी राहिली.

पहिला खर्च: पेला, खड्डा आणि प्रयोगशाळा

सुरुवात फुकटात होते. रानातले हरभऱ्याएवढे वाळलेले ढेकूळ काचेच्या पेल्यात, पावसाच्या किंवा बॅटरीत घालायच्या शुद्ध पाण्यात अलगद सोडा. हलवू नका. चांगले ढेकूळ फुटून तळाशी बसते आणि वरचे पाणी नितळ राहते. चोपण ढेकळाभोवती मात्र दुधासारखे गढूळ वलय पसरते आणि दुसऱ्या दिवशीही पाणी निवळत नाही. विहिरीचे पाणी वापरू नका, त्यातल्या क्षारांमुळे वलय दबते आणि फसगत होते. हीच चाचणी वरच्या थरासाठी आणि दोन फुटांखालच्या मातीसाठी वेगवेगळी करा. कित्येक रानांत वरचा थर ठीक असतो आणि खालचा बंद झालेला असतो.

मग खड्डा. एक मीटर खोल, माणूस उतरेल एवढा. जेसीबीचा एक तास किंवा दोन माणसांचा अर्धा दिवस, धरा 1,200 रुपये. या सगळ्या खर्चात माझ्या मते सर्वांत जास्त मोल याच रकमेला आहे. खड्ड्याची भिंत सुरीने खरवडून सरळ करा आणि वरून खाली वाचत या. भेगा किती खोल जातात, मुळ्या कुठे आडव्या वळल्या आहेत, चुनखडीचे खडे कुठून सुरू होतात, घासून गुळगुळीत झालेले चकचकीत तिरपे पैलू कुठे दिसतात, ओल कुठे लागते आणि शेवटी पाणी कुठे लागते. प्रत्येक गोष्टीपुढे सेंटिमीटर लिहा. मुळ्या 25 सेंटिमीटरवर वळल्या असतील तर तुमचे रान तेवढेच आहे, सातबाऱ्यावर काहीही लिहिलेले असो. पाणी एक मीटरच्या आत लागले तर जिप्समचा विचार तूर्त बाजूला ठेवा.

त्यानंतर प्रयोगशाळा, आणि इथे बरेच शेतकरी फसतात. मृद आरोग्य पत्रिकेत बारा घटक असतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, सूक्ष्मद्रव्ये, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. चोपणपणा ज्यावरून ठरतो तो विनिमययोग्य सोडियम त्यात नसतो. तो वेगळा मागावा लागतो. अर्जावर स्पष्ट लिहा: विनिमययोग्य सोडियम, धन आयन विनिमय क्षमता, संपृक्त अर्काची विद्युत वाहकता, सामू आणि मुक्त चुनखडी. नमुने नेहमीसारखे फक्त वरच्या थरातून घेऊ नका. 0 ते 30, 30 ते 60 आणि 60 ते 90 सेंटिमीटर असे तीन थर घ्या, एक जागा चांगल्या भागातली आणि एक खराब भागातली. नमुन्याला 1,000 रुपये धरले तर सहा नमुन्यांचे 6,000. विहिरीच्या पाण्याच्या तपासणीचे आणखी 500. खड्डा धरून सगळे मिळून 7,700 रुपये.

अहवाल आला की तीन आकडे पाहा. वाहकता मीटरला 4 डेसिसायमनपेक्षा जास्त आणि सोडियम विनिमय क्षमतेच्या 15 टक्क्यांच्या आत असेल तर जमीन खारवट. वाहकता कमी, सोडियम 15 टक्क्यांवर आणि सामू 8.5 च्या पुढे असेल तर चोपण. वाहकता आणि सोडियम दोन्ही जास्त असतील तर खारवट-चोपण. 4 ची ही मर्यादा संपृक्त अर्काची आहे. बऱ्याच प्रयोगशाळा मातीच्या अडीच पट पाणी घालून वाहकता मोजतात. तो आकडा खूप कमी दिसतो आणि खारवट रान निरोगी वाटते. पद्धत कोणती, ते विचारून घ्या. शिवाय 15 टक्क्यांची रेघ सगळ्या मातींसाठी आखलेली आहे. आपल्या भारी काळ्या मातीत सोडियम 5–6 टक्क्यांवर गेला की पाण्याची वाट अडायला लागते. म्हणून 9 टक्क्यांचा अहवाल पाहून निश्चिंत होऊ नका.

नुसती खारवट जमीन असेल तर जिप्समवर एक रुपयाही घालू नका. निचरा केला आणि गोड्या पाण्याने क्षार धुतले की ती सुधारते. खरा धोका खारवट-चोपण रानाला असतो. तिथले क्षारच मातीचे कण एकत्र धरून ठेवत असतात. जिप्सम न टाकता निचरा करून भरपूर गोडे पाणी सोडले की क्षार निघून जातात, सोडियम मागे राहतो आणि आतापर्यंत कसेबसे पाणी पिणारे रान एकाएकी मिटते. नळ्या टाकूनही पहिल्यापेक्षा वाईट झालेली राने याच चुकीची असतात.

दुसरा खर्च: पाण्याला वाट

नळ्यांचे दरपत्रक मागवण्याआधी ओढ्यापर्यंत चालत जा. रानाच्या सर्वांत खालच्या कोपऱ्यातून सव्वा मीटर खोल निघालेले पाणी आपल्या उताराने कुठे पडेल? जागा असेल तर काम होणार. ओढा गाळाने भरला असेल तर आधी ओढा, आणि तो एकट्याचा नसतो. खालच्या शेजाऱ्याने वाट दिली नाही तर वरच्याचे लाखभर रुपये अडकतात. शिरोळ भागात साखर कारखान्याच्या पुढाकाराने गटाने झालेली कामे टिकली याचे मोठे कारण हेच, की मुख्य वाहिनी आणि तिचे तोंड सगळ्यांचे मिळून ठरले. उताराने वाट मिळतच नसेल तर विहिरीत पाणी गोळा करून पंपाने उपसावे लागते. मग विजेचे बिल दरवर्षी येते आणि पावसात वीज गेली की नेमके तेव्हाच पंप बंद राहतो. शक्य तोवर ती वेळ आणू नका.

जमिनीखालच्या निचऱ्यासाठी गाळणीचे कापड गुंडाळलेली 80 मिलिमीटर व्यासाची सच्छिद्र वळीदार नळी वापरतात. खोली साधारण 1 ते 1.25 मीटर. काळ्या मातीत दोन ओळींतले अंतर 15 ते 30 मीटर. खर्च या अंतरावरच ठरतो. एकराचे 4,047 चौरस मीटर भागिले अंतर, एवढी नळी लागते. 30 मीटरवर 135 मीटर, 20 मीटरवर सुमारे 200 आणि 15 मीटरवर 270. दरपत्रक स्वस्त दिसत असेल तर आधी हे अंतर पाहा. खड्ड्यातली माती घट्ट आणि बंद असताना 30 मीटर सांगणारा ठेकेदार तुमचा खर्च वाचवत नाही, दोन ओळींमधला पट्टा सुधारणेतून वगळतो आहे.

20 मीटरचे अंतर धरू. नळीला मीटरमागे 80 आणि खोदाई-जोडणीला 60, म्हणजे 200 मीटरचे 28,000 रुपये. मुख्य वाहिनी, तपासणीच्या टाक्या आणि तोंडाचे बांधकाम यांतला आपला वाटा 17,000 धरला तर निचऱ्याचे एकरी 45,000. नळी टाकताना स्वतः बांधावर थांबा. उतार यंत्राने मोजला जातो का, कापड फाटले तर बदलतात का, तोंडाला जाळी बसवली का, हे त्याच दिवशी पाहायचे असते. माती लोटली की विषय मिटतो.

उघडे चर स्वस्त पडतात, पण जमीन खातात आणि दरवर्षी गाळ काढावा लागतो. नांगरासारख्या अवजाराने जमिनीखाली नुसता बोगदा काढायची मोल पद्धत त्याहून स्वस्त, पण चोपण मातीचा बोगदा भिजला की ढासळतो. तो मार्ग कमी सोडियमच्या रानासाठी ठेवा.

तिसरा खर्च: जिप्सम

आता त्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर. समजा, अहवालात विनिमय क्षमता 50 आहे आणि विनिमययोग्य सोडियम 9, म्हणजे 18 टक्के. तो 3 वर, म्हणजे 6 टक्क्यांवर आणायचा. काढायचे 6 एकक. वरच्या 15 सेंटिमीटर थरातून एक एकक सोडियम हटवायला एकरी सुमारे 680 किलो शुद्ध जिप्सम लागते. सहा एककांना 4.1 टन. बाजारातले जिप्सम 80 टक्के शुद्ध असेल तर 5.1 टन. पन्नास किलोची शंभरावर पोती झाली. बांधावर ऐकलेली दहा पोती कुठे आणि ही शंभर कुठे!

टनाला पोहोच 5,000 रुपये धरले तर 25,500, आणि पसरण्याची मजुरी 2,000. पण सगळे एकदम टाकू नका. जिप्समचा टनभर साठा विरघळायला सुमारे चार लाख लिटर पाणी लागते. एकरावर ते 10 सेंटिमीटर उंचीचे पाणी झाले. माती सोडियम सोडून कॅल्शियम ओढून घेते म्हणून तिथे विरघळणे थोडे सोपे जाते, तरी साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर पावसाच्या मुलखात, त्यातला बराच वाहून जात असताना, चार-पाच टन एका हंगामात विरघळणे अवघड. पहिल्या वर्षी निम्मे टाकावे आणि पुढच्या वर्षी पुन्हा माती तपासून उरलेले ठरवावे. मे महिन्यात पसरायचे आणि कुळवाने वरच्या 10 ते 15 सेंटिमीटरमध्ये मिसळायचे. खोल नांगरटीत गाडले तर ते ढेकळांखाली पडून राहते.

विकत घेताना शुद्धतेचा लेखी अहवाल मागा आणि भाव शुद्ध जिप्समवर काढा. 5,000 रुपयांना 80 टक्के म्हणजे शुद्ध टन 6,250 ला पडला. 4,200 ला 60 टक्के म्हणजे 7,000 ला. स्वस्त पोते महाग निघाले. चिमूटभर भुकटीवर पातळ केलेल्या आम्लाचे थेंब टाका. जोरात फेस आला तर त्यात चुनखडी मिसळलेली आहे, आणि चुनखडी तुमच्या रानात आधीच आहे. भुकटी बारीक हवी, खडे वर्षानुवर्षे तसेच राहतात.

चुनखडीच्या रानात गंधकही चालते. मातीतले जिवाणू गंधकाचे आम्ल बनवतात, ते चुनखडी विरघळवते आणि जिप्सम जागेवरच तयार होते. वरच्या उदाहरणात 5.1 टन जिप्समऐवजी सुमारे 760 किलो शुद्ध गंधक पुरते. म्हणजे गंधकाचा किलोचा भाव जिप्समच्या भावाच्या पावणेसात पटीच्या आत असेल तरच ते परवडते. वाहतूक वाचते, पण ओल आणि ऊब मिळून महिने जावे लागतात, आणि पाणी साचलेल्या रानात ते काम करत नाही. कारखान्याची मळी जरूर घ्या, मात्र गंधक प्रक्रियेच्या कारखान्याची. कार्बोनेशन प्रक्रियेच्या मळीत चुना असतो, तो चोपण रानाला उपयोगाचा नाही.

आणि बाटल्या. पाच लिटरच्या कॅनमध्ये एकर सुधारून देणारी द्रव्ये दुकानादुकानात आहेत. वर काढलेल्या सहा एककांसाठी एकरी जवळजवळ साडेनऊशे किलो कॅल्शियम लागतो. तो पाच लिटरमध्ये मावत नाही. हे गणित दुकानात उभे राहून शांतपणे सांगावे आणि कॅन ठेवून यावे. कर्ज काढून रान सुधारू पाहणाऱ्याच्या खिशातून तो पैसा जातो, म्हणून मला त्याची चीड येते.

त्याच हंगामात ताग नाहीतर धैंचा. चोपण रानात धैंचा जास्त तग धरतो. एकरी 25 किलो बी, 45 ते 50 दिवसांनी फुलोऱ्याच्या सुमारास गाडायचा. बी 2,500 आणि गाडणीचे 2,500. त्याच्या मुळ्या बंद मातीत वाटा पाडतात आणि तो कुजताना निघणारा कर्बवायू थोडी चुनखडीही विरघळवतो. नंतरच्या पिकाला जस्त कमी पडते, ते माती पाहून द्या. पहिल्या दोन वर्षांत तूर, हरभरा, घेवडा नको. कापूस, गहू, बीट तुलनेने सोसतात.

विहिरीच्या पाण्याचा अहवालही वाचा. त्यात उरलेले सोडियम कार्बोनेट लिटरला 1.25 मिलिइक्विव्हॅलंटच्या आत असेल तर ठीक, 2.5 च्या पुढे असेल तर तेच पाणी सुधारलेले रान पुन्हा बिघडवते. प्रत्येक जादा एककामागे, 5 सेंटिमीटरच्या एका पाळीला एकरी सुमारे 17 किलो शुद्ध जिप्सम द्यावे लागते. उसाच्या वीस-पंचवीस पाळ्यांचा गुणाकार करून पाहा, म्हणजे ठिबक आणि कमी पाणी स्वस्त का पडते ते कळेल. पूर्णा खोऱ्यात तर विहिरीचेच पाणी खारे, म्हणून तिथे गोड्या पाण्याचे शेततळे आणि सरी-वरंब्यात मुरवलेला पाऊस हाच आधार.

बेरीज

तपासणी 7,700, निचरा 45,000, जिप्सम आणि पसरणी 27,500, धैंचा 5,000. एकरी 85,200 रुपये, दोन वर्षांत विभागून. वाट आधीच चांगली असेल आणि भूजल दीड-दोन मीटरच्या खाली असेल तर मधले 45,000 वाचतात. ऊस एकरी 15 टनांनी वाढला आणि टनाला 3,000 हाती आले तर वर्षाला 45,000. त्यातून वाढीव खत-मजुरी वजा केली की तीन हंगामांत पैसे फिरतात, पण पहिला हंगाम हिशेबात धरू नका. अनुदान मिळणार असेल तर खरेदीच्या आधी तालुका कृषी कार्यालयात जा, पूर्वसंमतीआधीचे बिल बहुतेक योजनांत चालत नाही. तांत्रिक सल्ल्याला कसबे डिग्रजचे कृषी संशोधन केंद्र या पट्ट्यात जवळचे आहे.

काम झाल्यावर दोन वस्तू ठेवा. रानाच्या मध्यभागी दोन मीटर खोल उभी केलेली, भोके पाडलेली चार इंची नळी, आणि खिशात मावणारे वाहकता मोजायचे यंत्र. पावसाळ्यात आठवड्याला एकदा नळीत काठी सोडून पाणी किती खोल आहे ते पाहा आणि निचऱ्याच्या तोंडाशी पडणाऱ्या पाण्याची वाहकता वहीत लिहा. पहिल्या पावसात आकडा मोठा येईल. हंगामागणिक तो उतरत गेला तर क्षार बाहेर पडत आहेत. पण पाण्याची धार बारीक होत गेली आणि नळीतले पाणी वर चढू लागले तर खालची माती मिटते आहे. तेव्हा उरलेले निम्मे जिप्सम पुढच्या मेपर्यंत थांबवू नका.